सिस्टरांची शाळा कशाने ओळखायची

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत मी अनेक वर्षं मराठी शिकवलं. शाळा मुलींची, अनुदानित, एसएससी बोर्डाची. मागच्या अंगाला सिस्टरांचं घर, त्याला लागून छोटं चॅपल. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला दगडांची गुहा रचलेली आणि तिच्यात येशूच्या आईचा, मारियेचा पुतळा. वर्गात कॅथलिक मुली थोड्या. बाकीच्या मराठी, गुजराती, मुसलमान, दाक्षिणात्य, एखाददुसरी पारशी. टीचर्स रूममध्येही तेच प्रमाण. मी स्वतः वारकरी घरातली, आजोबा माळकरी. माझ्यासारख्या शिक्षिका आणि अशा मुली असलेली शाळा कॅथलिक कशाने?

नोकरीत असताना या प्रश्नाला सवड नव्हती. आता तो सारखा कानावर येतो आणि दोन्ही बाजूंनी येतो. बाहेरचे विचारतात, शाळेत क्रूस आणि प्रार्थना हवी कशाला? आणि चर्चमधले जुने लोक विचारतात, क्रूस सोडला तर आता आपलं असं उरलंय काय? दोन्ही प्रश्न मला मनापासून महत्त्वाचे वाटतात.

पालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इंग्रजी आणि शिस्त. प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा आयांपैकी नऊजणी हेच सांगतील. त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण ही शाळेची धार्मिक ओळख नव्हे. इंग्रजीचं म्हणाल तर वसईत जाऊन पाहा. तिथल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांत, चर्चच्या शेजारी उभ्या राहिलेल्या कितीतरी शाळा मराठी माध्यमाच्या. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत, प्रवचन मराठीत, गणित-भूगोलही मराठीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, जेझुइट या धर्मसंघाच्या फादरांनी गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी शाळा आणि बोर्डिंगं चालवली, तीही मराठीतच. गोव्यात १९९० नंतर सरकारी अनुदान प्रादेशिक भाषेतल्या प्राथमिक शाळांनाच मिळायला लागलं, तेव्हा चर्चच्या बहुतेक प्राथमिक शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. म्हणून त्या कमी कॅथलिक झाल्या असं कुणी म्हटलं नाही. शिस्त तर सैनिकी शाळेतही असते.

नावावरूनही काही कळत नाही. ‘सेंट’ लावलेल्या कित्येक शाळांचा चर्चशी काडीचा संबंध नसतो. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ८०३ आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेने ‘कॅथलिक शाळा’ असं नाव लावायचं नाही, असं ते सांगतं. त्याच कलमात शिक्षकांबद्दल दोन अपेक्षा आहेत: धर्मशिकवणुकीत ते चोख असावेत आणि त्यांचं वागणं सचोटीचं असावं. पहिल्या अटीत मी बसत नव्हते आणि ते सिस्टरांना ठाऊक होतं. दुसरीसाठी मात्र कुणालाही झटता येतं, आणि मला वाटतं आम्हा सगळ्यांना त्याच बळावर तिथे जागा मिळाली होती.

धर्म थेट शिकवला जायचा तो एका तासाला. वेळापत्रकात त्या तासाचे दोन भाग असत, कॅथलिक मुलींना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स, म्हणजे नीतिशिक्षण. घंटा झाली की कॅथलिक मुली वह्या घेऊन उठायच्या, दोन तुकड्यांतल्या मिळून एका खोलीत जायच्या. बाकांवर मधेमधे जागा रिकाम्या व्हायच्या, मागच्या मुली पुढे सरकून मैत्रिणीशेजारी बसायच्या, आणि मॉरल सायन्सचं पुस्तक उघडायचं. एकदा पाचवीतल्या एका मुलीने हट्ट धरला, मलाही मैत्रिणीबरोबर कॅटेकिझमला बसायचं. तिला आत काय शिकवतात याची उत्सुकता होती, एवढंच. सिस्टर तिला ‘ये’ म्हणाल्या नाहीत. घरून आईला बोलावलं. दोघी ऑफिसात बोलल्या, आणि मुलगी मॉरल सायन्सलाच बसली. आईला ते पसंत नव्हतं, विषय संपला. नंतर त्या मुलीशी सिस्टर एरवीपेक्षा जरा जास्तच मायेने वागल्या हे मी पाहिलं.

हा त्यांचा नुसता सावधपणा होता असं मला वाटत नाही. आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात लिहिलंच आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही. पुढे ३० वा अनुच्छेद अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतो. सिस्टर या दोन्हींच्या मधे उभ्या असायच्या. पण त्यांना तसं उभं राहायला केवळ कायद्याने शिकवलं नव्हतं.

२८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, दोन घोषणापत्रं जाहीर केली. एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दलचं आणि दुसरं इतर धर्मांशी चर्चचं नातं काय, याबद्दलचं. दुसऱ्यात हिंदू धर्माचं नाव घेऊन म्हटलंय की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. पहिल्यात कॅथलिक शाळेचं वेगळेपण कशात, ते सांगितलंय: शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या शिकवणुकीतल्या, स्वातंत्र्याने आणि प्रेमाने भारलेलं वातावरण. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द तिथे प्रेमाच्या जोडीला आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्याच घोषणापत्रात पुढे असंही आहे की ज्या शाळांत कॅथलिक नसलेली मुलंही शिकतात, विशेषतः चर्च नव्याने रुजलेल्या प्रदेशांत, त्या शाळा चर्चला फार जिवाभावाच्या आहेत. आमचे ते मिश्र वर्ग म्हणजे काही तडजोड नव्हती. रोममध्ये बसून विचार केलेली ती गोष्ट होती.

१९८८ मध्ये व्हॅटिकनच्या शिक्षण खात्याने हाच धागा पुढे नेला. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांच्या सद्सद्विवेकाचा मान राखलाच पाहिजे. आणि शाळेनेही आपलं शुभवर्तमान सांगायचं स्वातंत्र्य सोडू नये. सांगणं म्हणजे लादणं नव्हे. लादण्यात एक प्रकारची नैतिक हिंसा असते. माझ्या आजोबांच्या हरिपाठाला मोहल्ल्यातले मुसलमान शेजारी ओसरीवर येऊन बसायचे. ‘या’ म्हणून कुणी बोलावलेलं नसायचं आणि ते आले म्हणून हरिपाठ कधी हळू आवाजात झाला नाही. सिस्टरांच्या शाळेत मला तसंच वाटायचं.

म्हणजे परिपाठाला प्रार्थना व्हायची. कॅथलिक मुली क्रूसाची खूण करायच्या, आम्ही हात जोडायचो. आठ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिवशी, मुली फुलं घेऊन यायच्या आणि गुहेपाशी ठेवायच्या. त्यात गुलाब आणि निशिगंध असायचा, तसा दादरच्या फुलबाजारातून आईने आणलेला झेंडूही असायचा, आणि कुणीतरी स्वतःच्या वेणीतला गजरा काढून ठेवायची. राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, काही कपाळांवर राख असायची, काहींवर कुंकू. हे सगळं सुंदर होतं आणि मला त्याची आजही ओढ वाटते. पण शाळा कॅथलिक आहे की नाही, याचा कस तिथे लागत नव्हता.

तो लागायचा एप्रिलमध्ये, नववीच्या निकालाच्या बैठकीत.

शाळेतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा तर कच्च्या मुलांना नववीतच गाळायचं, पालकांना बोलावून सांगायचं की तुमच्या मुलीला इथे झेपत नाही, दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. महाराष्ट्रात हे सर्रास चालतं. आमच्याकडेही एका वर्षी एक मुलगी अशीच काठावर आली होती. बाप वारलेला, आई चार घरी धुणीभांडी करणारी, गणित आणि इंग्रजी दोन्हीत नापास, हजेरी कमी. टेबलावर निकालपत्रकाचे मोठे कागद पसरलेले, लाल शाईच्या रेघा. बहुतेक जणींचं मत दाखला द्यावा असं. निकालाची काळजी खरी होती. आदल्या वर्षी शेजारच्या शाळेचा शंभर टक्के लागला होता आणि पालक ते बोलून दाखवायचे.

सिस्टर प्रिन्सिपल सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाल्या, “हुशार मुलींना कुठलीही शाळा घेईल. आपली शाळा हिच्यासाठी उघडली होती.” मग विचारलं, शनिवारी हिचं गणित कोण घेणार? एका शिक्षिकेने हात वर केला. मुलगी वरच्या वर्गात गेली. दहावीला तिचे दोन विषय राहिले, ते ऑक्टोबरला सुटले. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला नाही, आणि फाटकाजवळच्या फळ्यावर जो आकडा होता तोच लिहिला गेला.

याच्या उलटही मी पाहिलंय. अशाच क्रूसाच्या, अशाच प्रार्थनेच्या दुसऱ्या एका शाळेत माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या हातात नववीत दाखला ठेवला होता. तो मुलगा आणि त्याची आई कितीतरी दिवस शाळा शोधत फिरत होते.

‘आपली शाळा हिच्यासाठी उघडली होती’ हे वाक्य भावनेच्या भरातलं नाही, इतिहासातलं आहे. सिस्टर आणि फादर ज्यांत व्रत घेऊन राहतात त्या बहुतेक धर्मसंघांचा जन्म अशाच एखाद्या मुलापाशी झालाय. फ्रान्समधल्या ल्यों शहराचं उदाहरण घ्या. राज्यक्रांतीच्या धुमाळीत १७९४ मध्ये क्लोदीन तेवने या तरुणीचे दोन भाऊ मारले गेले. मरताना त्यांनी तिला सांगितलं ते हेच की आम्ही माफ केलं, तूही कर. १८१५ मध्ये तिथल्या एका चर्चपाशी थंडीत कुडकुडणाऱ्या दोन टाकून दिलेल्या मुली एका फादरांना सापडल्या आणि त्या क्लोदीनकडे पोचल्या. १८१८ मध्ये तिने धर्मसंघ काढला. त्याच संघाच्या सिस्टर १८४२ मध्ये आग्र्याला आल्या आणि पुढे मुंबई-पुण्यातही. जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट म्हणून आपण ज्या शाळा ओळखतो त्या याच. त्यांच्या मुळाशी क्षमा आहे आणि टाकून दिलेल्या दोन मुली आहेत. डॉन बॉस्को या इटालियन फादरांचं तसंच. तुरीनमध्ये कामासाठी आलेली, रस्त्यावरची, तुरुंगातून सुटलेली पोरं त्यांच्या भोवती जमली. १८८४ च्या एका पत्रात ते म्हणतात, मुलांवर प्रेम करणं पुरेसं नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे. प्रत्येक शिक्षकाने हे पत्र वर्षातून एकदा तरी वाचावं असं मला वाटतं.

मग या शाळा श्रीमंतांच्या कशा झाल्या? हे मला खरंच खुपतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या, अँग्लो-इंडियनांच्या, मग आपल्याकडच्या ऐपतदारांच्या मुलांसाठी मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि गरिबांसाठी शेजारीच वेगळी, साधी शाळा. चर्चलाही हे दिसत होतं. १९७७ च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात सरळ बजावलंय की चर्चचं शिक्षण आधी गरिबांसाठी, आणि ज्यांना घरची माया नाही त्यांच्यासाठी. शाळा केवळ किंवा मुख्यतः वरच्या वर्गाकडे वळली तर ती त्यांचं विशेष स्थान टिकवायलाच हातभार लावेल. त्याआधी चार वर्षं, १९७३ मध्ये, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे आपल्याच माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि नम्रपणे उत्तर दिलं, नाही. समोर बसलेल्यांतले बरेच जण दुखावले. पण हेच अरुपे १९४५ मध्ये हिरोशिमाजवळ होते आणि बॉम्ब पडल्यावर आपल्या मठात जखमींची शुश्रूषा करत होते. त्यांना गोड बोलायची गरज नव्हती.

कोलकात्याच्या सियालदा स्टेशनजवळच्या लॉरेटो शाळेत सिस्टर सिरिल मूनी यांनी ते उत्तर बदलायचा प्रयत्न केला. १९७९ पासून त्या तिथे होत्या. फी देऊ शकणाऱ्या मुलींच्या बरोबरीने त्यांनी न देऊ शकणाऱ्या मुली घेतल्या, आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी शाळेतच ‘रेनबो’ सुरू केलं. शाळेच्या मुलींनी शाळेच्याच वेळात त्या मुलांना शिकवायचं. दान वेगळं आणि शाळा वेगळी असं त्यांनी ठेवलंच नाही. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर दोन्हीकडच्या मुली भेटत.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट अवघड होऊन बसलीय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळांना दुर्बल घटकांसाठी ज्या २५ टक्के जागा ठेवाव्या लागतात, त्या या शाळांना बंधनकारक नाहीत. आपल्या शाळा आपण चालवायचा हक्क मला मान्य आहे. तो जपला पाहिजे. पण ज्या शाळेचे स्वतःचे दस्तऐवज ‘आधी गरीब’ म्हणतात, तिने या निकालाच्या आडोशाने झोपडपट्टीतलं मूल दारातून परत पाठवलं, तर तिने धर्माच्या नावाने मिळालेला हक्क धर्माविरुद्धच वापरला असं मी म्हणेन. सरकारने सांगितलं नाही म्हणून नव्हे, ख्रिस्ताने सांगितलंय म्हणून त्या जागा ठेवायच्या.

इथे एक शंका रास्त आहे. गरिबाच्या मुलाला धरून ठेवणं ही काही कॅथलिकांची मक्तेदारी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात एका पंगतीला बसवली, आणि त्याला क्रूस लागला नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षिका रोज तेच करतात. मग वेगळं काय?

कृतीत फरक नसेलही. फरक आहे तो जबाब कुणाला द्यायचा यात. आमच्या सिस्टर पहाटे चॅपलमध्ये असायच्या, आम्ही आठवीचं मस्टर उघडायच्या कितीतरी आधी. त्यांना माझ्याच श्रेणीतला सरकारी पगार मिळायचा आणि तो सगळा संघाच्या सामाईक तिजोरीत जायचा. गरिबीचं व्रत घेतलेलं. स्वतःसाठी साडी घ्यायची तरी वरिष्ठ सिस्टरांना विचारायचं. त्या नववीच्या मुलीबद्दल मी नंतर त्यांना विचारलं होतं, निकाल घसरेल याची भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, “शेवटी मला विचारतील ते निकालाबद्दल नाही. या लहानातल्या लहानासाठी तू काय केलंस, असं विचारतील.” मत्तयच्या शुभवर्तमानातलं ते आहे, पंचविसाव्या अध्यायातलं. त्यांना ते अगदी खरंखुरं वाटायचं, समोर दिसावं इतकं. त्यांच्या निर्णयाला जो कणखरपणा होता तो तिथून यायचा. एप्रिलचा तो निर्णय आणि पहाटेचं ते चॅपल मला वेगळं करता येत नाही.

म्हणूनच ‘क्रूस काढा, नुसती मूल्यं शिकवा’ हे मला पटत नाही. मूल्यांच्या तक्त्यावर ‘दया’ लिहिलेलं असतं, पण बैठकीत टेबलावर निकालपत्रक पसरलेलं असताना तो तक्ता कुणाला आठवत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्व धर्मांच्या मुलांना प्रार्थना करता येईल अशी जागा ठेवा. या सूचनांमागे आजच्या काळातली भीतीही आहे, हे उघड आहे. तरी त्या मला योग्य वाटतात, कारण १९६५ चं तेच ‘स्वातंत्र्य’ त्यांत आहे. फक्त भीतीपोटी गुहेवर पडदा टाकू नये. मोकळेपणाने ख्रिस्ती असलेल्या शाळेत माझ्यासारखी बाई निर्धास्त असते. तिथे मला काय मानायचं आणि काय नाही ते स्पष्ट असतं.

अडचण वेगळीच आहे. सिस्टर कमी होत चालल्यात. आमच्या शाळेमागच्या घरात आता मोजक्या, बहुतेक वयस्कर. प्रिन्सिपलच्या खुर्चीवर बाहेरच्या शिक्षिका बसू लागल्यात, काही कॅथलिक, काही नाही. व्हॅटिकनच्या २०२२ च्या दस्तऐवजात म्हटलंय की शाळेची कॅथलिक ओळख मानायची आणि जपायची जबाबदारी तिथल्या प्रत्येकाची आहे. म्हणजे मराठीच्या शिक्षिकेचीही. पण ती ओळख तिला सांगितली कुणी? नव्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी मस्टर मिळतं, वेळापत्रक मिळतं, पर्यवेक्षणाची यादी मिळते. शाळेची संस्थापिका कोण, हे तिला फीस्टच्या, म्हणजे शाळेच्या सणाच्या, दिवशी मुलींनी बसवलेल्या नाटुकल्यातून कळतं, तेही ती मागे उभी राहून रांगा सांभाळत असताना.

बिशपांच्या शिक्षण मंडळांनी आणि धर्मसंघांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस यासाठी काढावेत. नव्या शिक्षकांना, धर्म कुठलाही असो, संस्थापकांची गोष्ट पूर्ण सांगावी, त्यातल्या गरिबीसकट. १९६५ ची ती दोन्ही घोषणापत्रं मराठीत हातात द्यावीत. चॅपल दाखवावं आणि तिथे पहाटे काय चालतं ते एखाद्या सिस्टरनेच सांगावं. आणि नववीच्या निकालाच्या बैठका कशा व्हायच्या, कुठली मुलगी का ठेवून घेतली, शनिवारचं गणित कुणी घेतलं, हे जुन्या शिक्षिकांकडून ऐकवावं. आम्ही निवृत्त झालेल्या कितीजणी तरी आसपासच राहतो. बोलावलं तर येऊ.